एरियलची वायर

बोटभर लांबीचा तो तुकडा तळहातावर पडला तेव्हा आधी दिसली ती पट्टी – दवाखान्यातली चिकटपट्टी, जुन्या दातासारखी पिवळी पडलेली, वायरीच्या टोकाला घट्ट वेढे देऊन गुंडाळलेली. आणि शेवटच्या वेढ्याचं टोक किंचित आत दुमडलेलं. कमळानं त्या दुमडीवर नख ठेवलं, आणि नख तिथंच राहिलं...

“हे पाहा ना बाई,” गाडीच्या डॅशबोर्डखाली उताणा पडल्या पडल्या पोचू मिस्त्री म्हणाला, “मले वाटलं उंदरानं कुरतडली असन. पन नाई. कोनी तरी ब्लेडनं कापली हाय. अन् कापून वरतून पट्टी बांधली. वायरीले कोन पट्टी बांधते?”

कमळाला ठाऊक होतं कोण बांधतं. पट्टीचं टोक असं दुमडायची सवय या जिल्ह्यात एकाच माणसाला होती. पुढं ती काढताना नखानं खरवडावं लागू नये, लेकरू रडू नये, म्हणून तिचे यजमान, डॉक्टर गुणवंतराव, प्रत्येक पट्टीचं टोक दुमडून ठेवत. पोंभुर्ण्याच्या सरकारी दवाखान्यात सकाळपासून लोक दाराशी बसलेले असत, तरी तेवढी दुमड राहून गेली असं कधी झालं नाही.

“किती दिवसांची असेल?” तिनं विचारलं.

“दिवसांची? लई वर्सं झाली, बाई. तांबं आतून हिरवं पडलं ना. रेडिओ चांगला हाय, दिवा लागते, पन एरियलची वायरच नाई तं तो बोलन कसा?”

“पण डॉक्टर तर रोज ऐकत होते. रोज संध्याकाळी, इथं गाडीत बसून.”

पोचू कोपरावर उठला. त्याच्या कपाळावर जाळ्याचा धागा चिकटला होता. “काय ऐकत होते?” तो म्हणाला. “ह्याच्यात खरखरीबिगर काईच येत नाई.” मग तिच्या तोंडाकडं पाहून तो पुन्हा आत सरकला.

डॉक्टर गेल्याला वर्ष होत आलं होतं. चांद्यातल्या या घराच्या अंगणात, टिनाच्या शेडखाली, त्यांची डुक्कर फियाट तशीच उभी होती – वाटोळ्या पाठीची, फिकट निळी, त्यांनी नोकरीच्या सुरुवातीला नागपुरातून आणलेली. ऊर्जानगरच्या एका इंजिनियरला जुन्या गाड्यांची हौस. तो परवा येऊन गाडीभोवती कितीतरी वेळ फिरला, दारं उघडून-लावून त्यांचा आवाज ऐकला, आणि जाताना संकोचून म्हणाला, रेडिओ तेवढा बोलता करून मिळेल का, गाडी मला अगदी तशीच हवी, साहेब चालवत होते तशी. आज संध्याकाळी तो न्यायला येणार होता. म्हणून पोचू आला होता, नवी वायर घेऊन.

साहेब चालवत होते तशी... पण लेक उत्पला गेल्यावर साहेबांनी ती फारशी चालवलीच कुठं? ते फक्त बसत. दवाखान्यातून यावं, हातपाय धुवावेत, चहाचा कप बाजूला सारावा आणि म्हणावं, “बातम्या ऐकून येतो.” घरात दुसरा रेडिओ होता, फळीवर. तो नाही. गाडीतलाच. पुढं बदली होऊन चांद्याला आले तरी तेच. शेडमध्ये दार लागल्याचा आवाज यायचा आणि कमळा उठून स्वयंपाकघराची त्या बाजूची खिडकी लावून घ्यायची – रोज. यांना ऐकवतं तरी कसं, त्याच गाडीत, तोच रेडिओ... असं ती दर संध्याकाळी मनात म्हणायची आणि पीठ मळायला घ्यायची. विचारलं मात्र कधी नाही. खिडकीची कडी शेवटी इतकी गंजली, की उन्हाळ्यातसुद्धा ती उघडेनाशी झाली.

आणि तिकडं बातम्या नव्हत्या. गाणी नव्हती. काहीच नव्हतं.

“बाई, ही मुंडी जराशी धरता का?” पोचूनं विचारलं. ती वाकली, वायरीचं टोक तिनं चिमटीत धरलं. नवी वायर काळी, गुळगुळीत होती, आणि तिला कोऱ्या वहाणेसारखा वास होता. पलीकडून पोचू ती हळूहळू ओढू लागला, तशी ती तिच्या बोटांतून सरकत आत जाऊ लागली...

“बाबा, रेडिओ लावा ना,” उत्पला म्हणाली होती. नाव त्यांनीच ठेवलं होतं. उत्पल म्हणजे कमळच, तुझीच मुलगी आहे ना, म्हणाले होते. पाऊस नुकता उघडला होता आणि ती तापानं फणफणली होती. कमळा म्हणत होती, चांद्याला नेऊ या. ते म्हणत होते, “मी आहो ना.” सुया दिल्या, कपाळावर ओली घडी ठेवली, रात्रभर उशाशी बसले. मग एका सकाळी उत्पलेनं आईला ओळखलं नाही, आणि डॉक्टरांनी गाडी काढली. मागच्या सीटवर कमळा, मांडीवर पोर. वाटेत ती जराशी शुद्धीवर आली आणि तिनं रेडिओ मागितला. त्यांनी लावला. कुणी बाई गात होती, दोन्ही बाजूंना साग नि बांबू, खिडकीतून ऊन येत-जात होतं, आणि ते समोर पाहत बोलत होते – उत्पला, मोर गेला बघ, उत्पला, आता मोठा नाला लागणार बरं...

नाल्याच्या अलीकडंच ती गेली. कमळाला कळलं. मांडीला कळतं ते. तिनं पदर ओढून घेतला, हात तिच्या छातीवर ठेवला आणि ओठ मिटून घेतले; सांगितलं तर यांच्या हातून गाडी जाईल, झाडावर जाईल, असं वाटलं, की तेवढा वेळ तरी यांच्यापुरती ती जिवंत असू दे असं वाटलं... कोण जाणे. चांद्याच्या दवाखान्याच्या फाटकापर्यंत तिनं ते एकटीनं वाहून नेलं. कुणाला सांगितलं नाही. आईलाही नाही.

आणि त्याच वाटेवरचं एक तिनं त्यांना कधी माफ केलं नव्हतं. नाला ओलांडल्यावर गाडी हळू झाली होती. त्यांच्या लेखी पोर जिवंत होती ना! मग पळवायची नाही गाडी? बैलगाडीमागून चालवावी तशी चालवली, समोर रस्ता मोकळा असताना. पोरीच्या पुण्यानुमोदनाच्या विधीला माणसं जमली, डॉक्टरांचं सांत्वन करत होती, आणि कोपऱ्यात बसून तिच्या डोक्यात एवढंच फिरत होतं – हा माणूस गाडी हळू चालवत होता.

“झालं,” पोचू बाहेर आला, हात पुसत. “तुमी बसा बाई आतमंदी, मी बाहेरून एरियल वरतं करतो. मी सांगतो तवा बटन फिरवा.”

या गाडीत ती पुढं कधी बसली नव्हती. लग्नानंतर लाजेनं, मग मुलीला घेऊन, ती मागंच. आता ती चालकाच्या जागेवर बसली. सीट एका बाजूनं खोल दबलेली होती. तिचं अंग आपोआप त्या खोलगटात उतरलं. तिनं मान वर केली.

वरच्या लहानशा आरशात मागची सीट दिसत होती. नुसती कड नाही – सगळी. मागं बसलेल्या बाईचा चेहरा दिसला असता, मांडी दिसली असती, मांडीवर ओढलेला पदर दिसला असता आणि छातीवर ठेवलेला हातसुद्धा.

गाणं मध्येच तुटलं होतं. नाल्याच्या अलीकडं, शब्द अर्धा असताना. जंगलात स्टेशन जातं तसं गेलं असेल, असं तिनं इतकी वर्षं धरून ठेवलं होतं... की त्यांचा हात गेला होता बटनाकडं? त्यानंतर ते बोलले होते का काही? मोर, नाला, काही? नाही. एक शब्द नाही. आणि मग गाडी हळू झाली होती.

“फिरवा, बाई!” पोचूनं हाक दिली.

तिचा हात बटनावर गेला. आधी खरखर आली, मग ती विरत गेली आणि नागपूर केंद्रावरून कुणी पुरुष धानावरच्या किडीविषयी शांतपणे सांगू लागला.

“बोलला ना, बोलला!” पोचू खिडकीशी येऊन हसला. मग त्याचं हसू ओसरलं. “काऊन बाई? काई चुकलं का?”

“नाई,” ती म्हणाली. “चांगला बोलतो आहे. तुम्ही चहा घ्या आत जाऊन. मी येते.”

तो गेला. तेवढा रस्ता आपण एकटीनं काढला, हे एवढंच तिचं स्वतःचं म्हणून होतं. संसारात, सणावारात, त्यांच्या शेवटच्या आजारपणात ते जवळ होतं, आणि त्याच्या जोरावर ती ताठ राहिली होती. आता तेही एकटीचं राहिलं नव्हतं. त्या रस्त्यावर दुसरं माणूस होतं, हातभर अंतरावर, पाठमोरं... त्याला कळलं होतं का? खरंच कळलं होतं? आणि आपल्याला कळलंय हेही? विचारावं, तर... तिनं आरशात पुन्हा पाहिलं. रिकामी सीट. वाटलं, मागं वळून नाही, इथूनच, समोर काचेकडं पाहत म्हणावं – अहो, हळूच चालवा, घाई नाही.

किडीचं सांगणं संपून सनई लागली. बाहेर फाटकाशी स्कूटर थांबली, इंजिनियर असावा. कमळा उठली नाही. तिचे दोन्ही हात स्टिअरिंगवर होते, आणि गाडी कशी चालवतात हे तिला मुळीच ठाऊक नव्हतं.