थोरल्याच्या पसंतीचे टायर

टायरच्या दुकानात थोरल्या जावयाने जाड खाचांच्या टायरवर एक बुक्की मारली आणि तो भिंतीकडे ढकलून दिला.

"हे चिखलातले टायर. डांबरी रस्त्यावर नुसते घोंघावतात, पेट्रोल जास्त पितात आणि झिजतातही लवकर. बाबांना गाडी घेऊन चिखलात जायचंय कुठे?"

सासरे चष्मा पुसत राहिले. धाकटा जावई हळूच म्हणाला की कधी कच्च्या रस्त्याला गेलं, तर शेवटी हेच स्वस्त पडतात. थोरल्याच्या पोटात दुखायला तेवढे पुरले. त्याचा उभा जन्म टॅक्सी चालवण्यात गेला, आणि सासऱ्यांनी टायरचे आधी विचारले ते साडूला, जो ऑफिसला जाण्यापुरती गाडी काढायचा!

आणि हे टायरपुरते नव्हते. सासरे लेकीकडे राहायला जायचे म्हणजे धाकटीकडेच, हायवेलगतच्या फ्लॅटमध्ये. थोरल्याचे घर वीटभट्टीमागच्या मातीच्या उतारावर. तिथे ते एकदाच आले, गाडी रुतली, शेजाऱ्यांनी ढकलून काढली; त्यानंतर पाऊल नाही. बायको मात्र दर पावसाळ्याआधी वडिलांसाठी पुढची खोली आवरून ठेवायची. थोरल्याच्या मते रस्ता हे नुसते निमित्त होते. धाकटा तो बाळ्या आणि आपण कार्टे, एवढाच हिशेब.

म्हणून आज त्याने हट्टच धरला. आवाज, ॲव्हरेज, ओल्या डांबरावरचा ब्रेक, काही म्हणजे काही सोडले नाही. दुकानदारानेही मान डोलावली. शेवटी सासरे म्हणाले, तुम्ही म्हणाल ते. साडूचा चेहरा उतरला आणि थोरल्याला दुकानातला पाणचट चहासुद्धा गोड लागला.

मेकॅनिक चौथे चाक चढवत होता, तेव्हा सासरे थोरल्याशेजारी येऊन उभे राहिले.

"बरं झालं तुम्ही सांगितलंत. यंदा पावसाळाभर तुमच्याकडे राहावं असं मनात होतं. लेकीला बोललो नाही, उगाच आशा लागायची. तुमच्या त्या उताराची भीती, म्हणून या धाकट्यांना विचारलं. हे म्हणाले, जाड टायर घ्या, थेट दारात जाल." ते हसले. "पण यातलं तुम्हालाच कळतं. राहू दे आता. तीच येईल की भेटायला."

थोरल्याचे कान तापले. बोलायचे होते ते एकच वाक्य, साडूचेच बरोबर होते म्हणून. जाड टायर अजून भिंतीला टेकून होते. पण साडू समोरच उभा होता, आणि थोरला काय बोलतो याची वाट बघत होता.

मेकॅनिकने शेवटच्या नटाला पाना लावून वर पाहिले. पसंती ज्याची, त्यालाच विचारायचे.

"आवळू ना?"

थोरल्याने साडूकडे पाहिले.

"घ्या आवळून," थोरला म्हणाला.