न उलगडलेल्या घड्या

मी एक जुनी काचेची टाकी आहे, आणि मित्रांनो, मागच्या जन्मी मी कोट विकत असे. हसू नका! शिंपीबाबांच्या दुकानाची दर्शनी काच होते मी. माझ्याआडचे कोट बघायला रस्त्यावरचे दिव्याचे खांब वाकले, ते अजून सरळ झालेले नाहीत. खोटं वाटत असेल तर जाऊन बघा.

दुकान बंद झालं आणि काचवाल्याने मला कापून, कडा घासून टाकी केली. बाबांच्या सूनबाईंनी माझ्यात न्यूट पाळले. न्यूट हा बेडकाचा भाऊबंद, पण दिसतो पालीसारखा. त्याच्या तोंडावर तसं म्हणू नये, रुसतो.

एका वर्षी त्यांची एकच जोडी उरली होती. मादीला सगळे थोरली म्हणत. ती म्हातारी झाली होती. आता पिल्लं झाली नाहीत तर घरातला हा वंश संपणार, म्हणून सूनबाईंचा जीव टांगणीला लागला होता.

थोरली मागच्या पायांनी पाणवनस्पतीचं पान धरायची, त्यात एक अंडं ठेवायची आणि पान दुमडून टाकायची. कारण उघडं अंडं दिसलं की न्यूट ते खाताना आपलं-परकं बघत नाहीत.

एके दिवशी सूनबाई कामावर गेल्या आणि बाबा माझ्यासमोर स्टूल घेऊन बसले. जन्मभर याच काचेतून त्यांनी कोटांच्या सुरकुत्या शोधलेल्या! त्यांनी बाह्या वर सारल्या आणि एकेक पान सरळ केलं.

"बाबा, पानं कुणी उलगडली?" संध्याकाळी घरी येताच सूनबाईंनी विचारलं.

"मीच की! काय ती चुरगळ! इस्त्री तेवढी राहिली."

"अहो, प्रत्येक घडीत अंडं होतं!"

बाबांनी वाकून पाहिलं. नर साळसूद चेहऱ्याने बसला होता, पोट मात्र टम्म.

"खाल्लीन की काय मेल्यानं?" बाबा स्टुलावर टेकले. मग हळूच म्हणाले, "पोरी, ती अजून घालेल का गं?"

"घालेल कदाचित. पण दुमडणार काय? पानं तर पार पिळवटलीत."

बाबा उठले. कोटावरचं प्लास्टिकचं आवरण काढलं, धुतलं, त्याच्या बारीक पट्ट्या कापल्या आणि झुबका करून दगडाला बांधून माझ्यात सोडला. थोरलीने बराच वेळ नुसतं हुंगलं. मग एक पट्टी धरली आणि दुमडली.

"दुमड बघ, दुमड!" बाबा ओरडले. "माझ्या कारागिरांना कधी जमली नाही!"

अंड्यांच्या पट्ट्या लगेच वेगळ्या भांड्यात गेल्या. पिल्लं निघाली, मानेशी पिसांसारखे कल्ले घेऊन. त्यांना वळवळते बारीक किडेच लागत, आणि भूक लागली की भावंडाचं शेपूट ओढत. म्हणून बाबा त्यांना मापाप्रमाणे वेगळं करत: "तू लहान माप, तू मोठं. चल तिकडे!" पुढचे पाय आले, मागचे आले, कल्ले विरले, आणि एका सकाळी एक पिल्लू पाण्यावर तरंगणाऱ्या बुचाच्या तुकड्यावर चढून बसलं. सूनबाई रडल्या. बाबा म्हणाले, "फिटिंग छान आहे."

आता माझा कोपरा पाझरतो. थोरलीची नातवंडं नव्या टाकीत आहेत, पाहुणे त्या टाकीचंच कौतुक करतात, आणि मी जिन्याखाली धूळ खाते. कुणी फडकं फिरवलं तर नको म्हणणार नाही. पण मित्रांनो, मागणं दुसरंच आहे. कुठे काही चुरगळलेलं, दुमडलेलं दिसलं, तर सरळ करायच्या आधी जरा वाकून बघा. आत कुणीतरी वाढत असेल.