घाईचा हिरवा दिवा

मी एक जुना डबा आहे. खाऊचा नव्हे हो, दूध तपासणारा! माझ्या पोटात तारा आहेत आणि डोक्यावर दोन दिवे, एक हिरवा, एक लाल. माझी कांडी दुधात बुडवली की ते संध्याकाळपर्यंत टिकेल की नासेल, हे मी सकाळीच सांगायचो. आता काचेच्या कपाटात बसून मी दुसऱ्यासाठी वाजणाऱ्या टाळ्या ऐकतो.

मला ताईने घडवलं. भाड्याच्या खोलीत, खिडकीजवळच्या टेबलावर, तीन वर्षं खपून. तिचा धाकटा भाऊ बोलण्यात असा पटाईत, की दगडालाही हो म्हणायला लावील. कंपनी दोघांची. ताई यंत्र बघायची आणि भाऊ माणसं.

मित्रांनो, माझ्यात एक खोट होती. उत्तर द्यायला मला वीस मिनिटं लागत. पण ते उत्तर कधी चुकलं नाही. "हळू आहे, पण खोटारडा नाही माझा डबा," असं ताई कौतुकाने म्हणायची. मला तेवढं पुरे होतं.

मग एक दिवस पैसा लावणारे पाहुणे येणार असं कळलं. त्यांच्याकडे वेळ होता दहा मिनिटं.

"ताई, याचा विचार चालू असतो तोवर हिरवा दिवा लावून ठेव ना," भाऊ म्हणाला. "लाल व्हायचा असेल तर होईल नंतर."

"अरे, मग तो हिरवा खोटाच की!"

"आजच्या दिवस गं. मग काढून टाक."

ताईने नाइलाजाने मान डोलावली. तिथेच माशी शिंकली.

पाहुण्यांनी कांडी बुडवली. लगेच हिरवा दिवा लागला, टाळ्या पडल्या, हात मिळवून झाले. ताई आणि भाऊ त्यांना पोहोचवायला जिना उतरून गेले. थोड्या वेळाने माझा लाल दिवा लागला. तेव्हा खोलीत कोणीच नव्हतं.

तो दिवा काढायचा दिवस कधी आलाच नाही. ताई दुरुस्तीसाठी सहा महिन्यांची मुदत मागत राहिली. भाऊ मात्र लोकांना विक्रीच्या तारखा देत सुटला. शेवटी माझ्यासारखे पाचशे डबे बाजारात गेले, तोच आगाऊ हिरवा दिवा घेऊन.

पहिल्याच उन्हाळ्यात डेअरीवाल्या मावशी तणतणत आल्या. हिरवा दिवा बघून त्यांनी सगळं दूध वसतिगृहात पाठवलं होतं. दुपारी ते नासलं. पंधरा वर्षांचं गिऱ्हाईक एका दिवसात तुटलं.

"वीस मिनिटं थांबा, असं पुस्तिकेत लिहिलंय मावशी," भाऊ म्हणाला.

"हिरवा लागल्यावर माणूस कशाला थांबेल रे बाबा?"

"मावशी, चूक आमचीच आहे," ताई म्हणाली. "मी सगळे डबे परत मागवते."

डबे काही परत आले नाहीत, ताईच गेली. पाहुण्यांनी आणि भावाने मिळून तिला कंपनीबाहेर काढलं. निघताना तिने मला उचललं, तर भाऊ म्हणाला, "तो कंपनीचा आहे." सख्ख्या बहिणीला असं बोलताना त्याची जीभ कशी अडखळली नाही, देव जाणे!

आता भाऊ माझ्या कपाटाशेजारी उभा राहून तरुणांना आपल्या प्रवासातले धडे सांगतो. "एकदा एका गिऱ्हाइकाचं दूध नासलं आणि मी खूप शिकलो. चुकायला घाबरू नका," असं म्हणतो. परवा एका मुलीने विचारलं, "त्या गिऱ्हाइकाचं पुढे काय झालं?"

"छान प्रश्न," भाऊ हसून म्हणाला आणि त्याने घड्याळाकडे पाहिलं.

मावशींची डेअरी बंद पडली, मित्रांनो. धडा भावाला मिळाला आणि किंमत त्या बाईने मोजली.

उद्या तुम्हीही काहीतरी घडवाल. त्याला लागेल तेवढा वेळ द्या आणि त्याच्या तोंडून खोटं वदवू नका. एवढी निगा राखलीत तरी खूप झालं. नाहीतर नुसती धूळ काय, ती तर भाऊही माझ्यावरची रोज पुसतो, चांगल्या मऊ फडक्याने.