राखेची रेघ

मित्रांनो, मी एक जुना प्रवाळाचा सांगाडा आहे. सांगाडा म्हटलं म्हणून दचकू नका, मी अगदी खुशीत असतो. असंख्य इवल्या जिवांनी समुद्रातला चुना वेचून मला बांधलं, दर वर्षी एक नवा थर. पाण्यातून जे खाली येई, ते त्या थरात कायमचं राही.

एका भरदुपारी वर काळोख दाटला. दूर समुद्रातला ज्वालामुखी फुटला होता. राख पाण्यातून माझ्यापर्यंत आली. त्या वर्षी माझी वाढ खुंटली, अंगावर काळपट रेघ उमटली. पुढल्या वर्षी मी आपला पुन्हा वाढायला लागलो!

पुष्कळ वर्षांनी एका संशोधक बाईने माझा काठीसारखा लांब तुकडा काढला, भोक नीट बुजवलं आणि त्या तुकड्याच्या रूपात मला प्रयोगशाळेत आणलं. तिची म्हातारी आत्या रोज तिचा डबा घेऊन यायची. आत्याला स्वतःचं जन्मवर्ष ठाऊक नव्हतं. आई एवढंच सांगून गेली होती, की तू झालीस तेव्हा आभाळातून राख पडत होती, दुपारी दिवे लावले होते. सगळे हसत. जवळपास ज्वालामुखी नाही, राख कुठली? आत्याला वयाचं काही नव्हतं. आईला कुणी थापाडी म्हणू नये, एवढंच तिला हवं होतं.

भाचीने मला चिरलं, क्ष-किरणांखाली ठेवलं, थर मोजले. रेघ सापडली. पण हिशेब ऐकून आत्याने डबा आपटला.

“सव्वाशे वर्षं? अगं, मी काय कासव आहे?”

“ही राख आधीची असेल, आत्या. तुझ्या वेळची यात नाहीच.”

“म्हणजे आई खोटं बोलली, म्हण की सरळ!”

भाचीचा चेहरा पडला. समजूत घालायला तिने मला आत्याच्या हातात दिलं. “हे बघ, काढला तेव्हा या पिवळ्या कडेला जीव होता, हा सगळ्यात नवा थर. म्हणजे मोजायचं ते इथून...” आणि तिने कपाळावर हात मारला.

चिरल्यावर तिने मला उलटं ठेवलं होतं, आणि पायाकडून डोक्याकडे मोजलं होतं! मी काय बोलणार? मला तोंड कुठे आहे?

तिने पुन्हा मोजलं. “अठ्ठ्याहत्तर, आत्या!”

“एवढीच? मी तर लोकांना ऐंशी सांगते!” आत्या डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. मग मला गालाशी धरून म्हणाली, “माझ्या जन्माला तू होतास की रे!”

मित्रांनो, माझी भावंडं अजून समुद्रात थरावर थर चढवतायत. त्यांच्यावर पाय देऊ नका, शोभेसाठी त्यांना तोडू नका. कुणाच्या तरी आईचा शब्द त्यांनी जपून ठेवला असेल.