माझी खिडकी बुजवली तेव्हा

सकाळचे नऊ वाजून दहा मिनिटं. मुहूर्त तेवढाच होता. चंपतरावांनी मनगटावरचं घड्याळ डोळ्यांपाशी नेलं, "हां, आता!" म्हणाले, आणि पायाच्या खड्ड्यात नारळ फुटला. तिथून माझं सगळं सुरू झालं. मी खोली बोलतेय. आंध्रातल्या आदिलाबादजवळच्या बेल्यातल्या, चंपतरावांच्या घराची मागची खोली. साल एक्याण्णव.

मला कशासाठी बांधलं हे बांधणाऱ्यांनाही माहीत नव्हतं. विटा उरल्या होत्या, मागं जागा होती, म्हणून बांधली. त्यामुळे माझं नाव पडलं 'रिकामी खोली'. तुटका पाळणा ठेव रिकाम्या खोलीत. फवारणीचा पंप ठेव रिकाम्या खोलीत. माणसाला कुणी रिकामं म्हटलं की त्याला राग येतो. मलाही यायचा. पण माझ्याजवळ एक खिडकी होती, मागच्या आंगणात उघडणारी. सकाळचं ऊन तिच्यातून थेट माझ्या पोटात यायचं. तेवढ्यावर मी खूश होते.

एक दिवस जेवताना माझा विषय निघाला.

"देवाले जागा नाई या घरात," चंपतरावांची बायको सोजरबाई म्हणाल्या. "पिठाच्या डब्यावर बसून हायेत देव. त्या खोलीत देवघर करा."

"मी टीव्ही आनून राह्यलो," त्यांचा मुलगा खुशाल म्हणाला. "बैठक करू तिथं."

"बैठक कायले? तुले भेटाले कोन कलेक्टर येऊन राह्यला?" चंपतराव म्हणाले.

मग खुशालची बायको सुभद्रा चुलीपासून हळूच बोलली. "मामाजी, शेवंताले अभ्यासाले जागा पाह्यजे. शाळेत सारं तेलुगूत हाये. मले तं सांगता येत नाई. निदान बसाले जागा तरी…"

"पोट्टीच्या अभ्यासाले खोली!" चंपतराव भाकरीचा तुकडा हातात धरून हसले. "मंग बकरीले रवंथ कराले बंगला बांधतो!"

सगळे हसले. खुशालही हसला. सुभद्राने तवा उतरवला.

ठरलं काहीच नाही. पण दुसऱ्या दिवशी सुभद्राने मला झाडलं, चुना मारला, खिडकीखाली पोतं अंथरलं आणि शेवंताला बसवलं. तिची ही लेक दुसरीत होती. शाळेतून आली की ती तेलुगू आकडे मोठ्यानं म्हणायची. ओकटी, रेंडू, मूडू, नालुगू, अइदू. सुभद्रा मागच्या आंगणात भांडी घासता घासता ऐकायची. तिला त्यातलं कळत नव्हतं, पण आवाज थांबला की ती लगेच खिडकीतून डोकवायची. "काऊन थांबली वं? पानी पाह्यजे का?" अशी घाबरट बाई. लेकरू शिंकलं तरी हातातलं काम टाकून धावणारी. सासू चिडवायची, "हिची पोट्टी जशी काचेचीच हाये!"

मी पहिल्यांदा कुणाची तरी खोली झाले होते. एक पावसाळाभर. बस, तेवढंच.

दसरा झाला, वेचणी सुरू झाली आणि बैलांच्या बंड्या भरून कापूस घरी यायला लागला. चंपतराव माझ्या दारात उभे राहिले. भिंतीला हात लावून पाहिला. "कोरडी हाये. हे कापसाची खोली," ते म्हणाले. शेवंताचं पोतं बाहेर गेलं.

मग ते खिडकीपाशी आले. मागच्या आंगणात पाणी तापवायची चूल होती. ठिणगी उडाली तर कापूस पेटेल, म्हणून खिडकी बुजवायची ठरली.

"मामाजी, चूल हलवा ना," सुभद्रा म्हणाली. "खिडकी काऊन बुजवता?"

"चूल हलवाची म्हनते! ते चूल तुह्या सासूनं मांडली हाये."

चूल राहिली. खिडकी गेली. सिमेंट आणायला कोण जाणार, म्हणून मातीच्या गाऱ्यातच विटा रचल्या. तुमच्या डोळ्यांवर कुणी भर दुपारी हात ठेवावा आणि काढूच नये, तसं मला झालं.

कापूस माझ्या छातीपर्यंत आला, मग गळ्यापर्यंत. आणखी मावावा म्हणून तो तुडवावा लागतो. सोजरबाई म्हणायच्या, घरच्या लेकीचे पाय लागले की कापसात लक्ष्मी मुरते. खरी गोष्ट मला विचारा. छताखाली मोठ्या माणसाला उभंच राहता येत नाही, म्हणून लहान पाय लागतात. पण तसं म्हटलं तर कोणती आई लेकरू आत घालेल? म्हणून लक्ष्मी.

"आत्याबाई, नको. नाकातोंडात जाते तिच्या," सुभद्रा म्हणाली.

"आमी नाई तुडवला? मेलो का आमी?"

शेवंताला मात्र मजा वाटत होती. दारातून बापाने तिला वर चढवलं. ती छताला डोकं लावून उड्या मारू लागली आणि प्रत्येक उडीला आकडा. ओकटी, रेंडू, मूडू. खुशाल दारातून कवेत मावेल तेवढा कापूस आत फेकत होता, चंपतराव त्याला देत होते. सुभद्रा मागं राख घेऊन पातेली घासत होती, कान बुजलेल्या खिडकीकडे.

खिडकीखालचा कोपरा पोकळ राहिला होता. तिथं कुणाचा पाय पोचला नव्हता. वरून सपाट दिसायचं. शेवंता उड्या मारत तिकडे गेली. नालुगू म्हणाली. अइदू म्हणाली. आणि खाली गेली. बाजूचा कापूस तिच्यावर कलला. वर पुन्हा सपाट.

माझ्या पोटात लेकरू बुडत होतं आणि मला तोंड नव्हतं.

"मोजनं काऊन थांबलं?" सुभद्रा मागूनच ओरडली.

"दमली असन. बसली असन," चंपतरावांचा आवाज आला. "तू भांडे घास."

सुभद्रा दाराकडे गेली नाही. तिने भिंतीला कान लावला. आत काहीतरी खरखरलं. तिने आंगणातल्या उखळातलं मुसळ उचललं आणि पहिला घाव घातला. ज्या बाईचा आवाज कधी चुलीपलीकडे गेला नाही, तिने माझी भिंत फोडली. मुसळाच्या लोखंडी टोकाने गारा खरवडला, विटा हातांनी बाहेर ओढल्या. नखं तुटली. दारात आता दोघेही घाबरून कापूस उपसत होते, पण तो डोंगर होता. तिने खांद्यापर्यंत हात आत घातला आणि तिच्या हाताला वेणी लागली.

शेवंता माझ्या खिडकीतून बाहेर आली. ओठ निळे. सुभद्राने तोंडात बोट घालून कापूस काढला. मग पोरगी खोकली. माझ्या जन्मात मी ऐकलेला तेवढा एकच चांगला खोकला. त्यानंतरचे सगळे वाईट. आदिलाबादच्या डॉक्टरने औषध दिलं, पण थंडी आली की तिची छाती आजही शिट्टी वाजवते.

आणि घरचे काय म्हणाले?

"लेकरू वाचलं, बरं झालं," चंपतराव म्हणाले. "पन भिंत फोडाची काय गरज होती? आमी काढूनच राह्यलो होतो ना दारातून. विटाचा चुरा झाला साऱ्या कापसात."

सोजरबाईंनी देवीला नारळ फोडला. खुशालने बायकोकडे न बघता खिडकी पुन्हा बुजवली. या वेळी सिमेंट आणलं. त्यासाठी वेळ मिळाला. कापूस विकला गेल्यावर आतून त्याच जागी कोनाडा केला आणि देवीची तसबीर ठेवली. पाहुणे आले की सोजरबाई बोट दाखवतात, "इथून देवीनं पोट्टी बाहेर काढली." सुभद्रा शेजारी आरतीचं ताट धरून उभी असते. तिच्या अंगठ्याचं नख वाकडं उगवलं आहे. ते कुणी पाहत नाही.

आता मला सगळे कापसाची खोली म्हणतात. रिकामी होते तेच बरं होतं.

सुभद्राला दुसरी मुलगी झाली. आता ती आंगणात उड्या मारते. परवा सोजरबाई तिच्याकडे बघून म्हणाल्या, "हिचे पाय पाहा किती हलके हायेत!"  त्या दिवसापासून सुभद्राचं मुसळ उखळात नसतं, माझ्या मागच्या भिंतीला टेकलेलं असतं.

"सुभद्रे, मुसय इथं काऊन?"

"राहू द्या, आत्याबाई. मले हाताशी लागते."

सिमेंट मुसळाने फुटत नाही. मला माहीत आहे. तिलाही माहीत आहे.

म्हणून तुम्हाला सांगते. घरात खोली रिकामी असेल तर तिचं हवं ते करा, पण आधी बघा आत कोण श्वास घेणार आहे. लेकीच्या पायांना लक्ष्मी म्हणून त्यांना कापसात घालू नका. मला सिमेंटनं बुजवलंय, तुम्हाला तोंड आहे. शेजारणीला सांगा. तिला म्हणावं, पुढच्या घरी सांग. बंड्या निघाल्या आहेत. कापूस यायच्या आत सांगा.