रंगाचे तीन हात

मला सगळे ‘करंट’ म्हणतात. विजेची कामं करतो म्हणून, असं मी नवख्या माणसाला सांगतो. खरं कारण माझं डोकं आहे, ते पटकन तापतं. ट्रॅक्टर, पंप, जनरेटर, बॅटरीवर चालू होणारं काहीही बिघडलं की लोक माझ्याकडे येतात, आणि येण्याआधी स्वतःच चार वायरी उपटून ठेवतात. मग मी त्यांना फैलावर घेतो. ते मुकाट ऐकून घेतात, कारण आसपास दुसरं कोणी नाही.

सिस्टरवर मात्र मला कधी आवाज चढवावा लागला नाही. इस्पितळातून निवृत्त होऊन त्यांना बारा वर्षं झाली होती, तरी सगळे त्यांना सिस्टरच म्हणायचे. रस्ता संपतो तिथे त्यांची लिंबांची बाग होती आणि बागेच्या टोकाला दोन खोल्यांचं घर. नवरा जाऊन तीन वर्षं झालेली, मुलगी शहरात. कंबरेचं हाड एकदा मोडल्यामुळे काठीशिवाय त्यांना चार पावलं चालवत नव्हतं. पण त्यांच्या छोट्या ट्रॅक्टरवर चढून बसल्या की गवत कापणं काय, लिंबांचे क्रेट रस्त्यापर्यंत नेणं काय, कुणाच्या बापाला ऐकायच्या नाहीत.

“ट्रॅक्टर मध्येच बंद पडतो,” असा त्यांचा फोन आला, तेव्हा मी मनातल्या मनात शिव्या तयार ठेवूनच गेलो. त्यांनी माझ्या हातात एक कागद ठेवला. पेशंटच्या खाटेला लावतात तसा तक्ता होता. ‘दहा वाजून वीस मिनिटं. पस्तीस मिनिटं चालला. आधी समोरचे दिवे मंद, मग इंजिन बंद. चावी फिरवली, नुसतं टक्. वीस मिनिटांनी आपोआप चालू.’ खाली अशाच आणखी चार नोंदी. पस्तीस वर्षांच्या धंद्यात मला कुणी इतकं नीट सांगितलं नव्हतं. मी तो कागद दोनदा वाचला.

“पेशंट बोलत नसला की लिहून ठेवावं लागतं,” त्या म्हणाल्या.

दिवे मंद होतात या तीन शब्दांत सगळं उत्तर होतं. पण मी शहाणपणा केला. त्यांच्याकडे बघितलं, पाप्याचं पितर, आणि थेट सीट उचलली.

“सीटखाली एक स्विच असतो, सिस्टर. माणूस उठला की इंजिन बंद. अपघात होऊ नये म्हणून.”

“पण मी उठले नव्हते.”

“तुम्ही बसलात हेच त्याला कळत नसेल.”

त्या इतक्या हसल्या की त्यांना काठी धरावी लागली. मी तो स्विच साफ केला, त्याची स्प्रिंग बदलली, आणि इंजिन तासभर चालवून बघितलं. चाललं. ती चूक प्रामाणिक होती. एवढी एकच प्रामाणिक होती.

चहा घेत असताना त्यांच्या मुलीचा फोन आला. सिस्टरना कमी ऐकू यायचं, त्यामुळे फोन स्पीकरवर होता आणि घरातलं सगळं माझ्या कानावर पडत होतं. “आई, पुन्हा बंद पडला ना? बघ हं, आपलं काय ठरलंय.” सिस्टर “हो गं, हो गं” म्हणत राहिल्या. फोन ठेवल्यावर मला म्हणाल्या, “ठरलंय असं, की मी एकदा जरी बागेत अडकून पडले, तर सगळं विकायचं आणि तिच्याकडे जायचं. शब्द दिलाय मी. आतापर्यंत दर वेळी घराजवळच बंद पडला, म्हणून निभावलं.”

“तुम्हाला जायचं नाही?”

“तिच्याकडे सातव्या मजल्यावर मी काय करू? खिडकीतून खालच्या गाड्या मोजू?”

म्हणजे काय पणाला लागलंय हे मला पहिल्याच दिवशी माहीत होतं. हे आधीच सांगून टाकतो, नाहीतर पुढे माझी कीव करायला लागाल.

अकराव्या दिवशी पुन्हा फोन आला. या वेळी मी मीटर बाहेर काढलं. त्याचं एक टोक बॅटरीच्या मायनसला लावलं, दुसरं इंजिनच्या लोखंडाला, आणि सिस्टरना चावी फिरवायला सांगितली. काटा शून्याजवळ राहायला हवा. तो अडीच व्होल्टवर गेला. म्हणजे रोग सापडला. वीज बॅटरीतून निघते तशी तिला परतही यावं लागतं, आणि परतीची वाट म्हणजे ट्रॅक्टरचं लोखंडी अंग आणि एका बोल्टखाली आवळलेली एक जाड वायर. यालाच आम्ही अर्थिंग म्हणतो. तो बोल्ट बॅटरीच्या मागे होता. सैल झाला होता, आणि त्याच्याखाली रंग होता.

रंगाचं कारण मी सिस्टरना विचारलं. त्यांचे यजमान पाट्या रंगवायचे. दुकानांच्या, दवाखान्यांच्या, शाळांच्या. शेवटच्या वर्षी बाहेरची कामं झेपेनात, तेव्हा त्यांनी हा ट्रॅक्टर रंगवायला घेतला. दुसरा कोणी असता तर वरवर ब्रश फिरवून मोकळा झाला असता. यांनी एकेक बोल्ट काढला, बोल्टखालची जागासुद्धा रंगवली आणि मग बोल्ट परत बसवले. “तीन हात दिल्याशिवाय ते कशालाच रंगवलं म्हणायचे नाहीत,” सिस्टर म्हणाल्या. जिथे नागडं लोखंड हवं नेमकं तिथेच त्या भल्या माणसाने तीन हात दिले होते. तीन वर्षं बोल्टच्या आट्यांतून कशीबशी वीज जात राहिली. आता हादऱ्यांनी तो सैल झाल्यावर तेवढीही वाट राहिली नव्हती. दिवे मंद व्हायचे, डिझेल सोडणारी विजेची झडप मिटायची, आणि इंजिन बंद.

इलाज पंधरा मिनिटांचा होता. बोल्ट काढायचा, खालचा रंग लोखंड चकाकेपर्यंत खरवडायचा, वायर परत आवळायची, वर ग्रीसचं बोट फिरवायचं. मी पाना हातात घेतला होता.

तेवढ्यात स्वयंपाकघरातून सिस्टरनी विचारलं, “मिस्त्री, चहा आत्ताच टाकू? की बराच वेळ आहे?”

“टाका सावकाश,” मी म्हणालो. “वेळ लागेल.”

आणि मी तो बोल्ट नुसता पाव फेरा आवळला. काटा शून्यावर आला. हे दहा-बारा दिवस टिकेल हे मला माझ्या हाताच्या रेषांइतकं माहीत होतं.

का केलं, तेही सांगतो. दुकानाच्या मागे माझी एक खोली आहे. एक खाट, एक शेगडी, एक रेडिओ. बायको जाऊन सहा वर्षं झाली. मुलगा रविवारी फोन करतो, “जेवलात का” विचारतो, मी “हो” म्हणतो, आणि दोघांनाही सुटल्यासारखं वाटतं. दिवसभर मी लोकांवर खेकसतो, पण खेकसणं म्हणजे बोलणं नव्हे. पहिल्या दिवशी सिस्टरनी मला विचारलं होतं, बायकोला काय झालं होतं. मी सांगितलं. त्या “अरेरे” म्हणाल्या नाहीत. शेवटी तिला दुखत होतं का, ती कुठल्या कुशीवर झोपायची, मी तिच्याजवळ होतो का, असं त्या विचारत गेल्या. सहा वर्षांत हे मला कुणी विचारलं नव्हतं. मी दोन तास बोलत होतो. घरी जाताना माझा घसा बसला होता, सवयच नव्हती ना. मला एकटं वाटायचं, अगदी सकाळी दात घासतानासुद्धा वाटायचं, आणि त्या टेबलाशी वाटायचं नाही. बस, एवढंच कारण.

मग नुसतं जायचं होतं, असं म्हणाल. पण कामाशिवाय मी आयुष्यात कुणाच्या दारात गेलेलो नाही. हातात हत्यारांची पिशवी नसली तर मला माझे हात कुठे ठेवायचे तेच कळत नाही.

त्यानंतर बाराव्या दिवशी तिसरा फोन आला. जाताना मी दाढी केली. या वेळीही पाव फेरा, आणि वर देखाव्यासाठी सगळे फ्यूज काढून पुसून लावले. सिस्टर काठी टेकून बघत उभ्या होत्या. त्यांनी तक्त्यावर लिहिलं, ‘मिस्त्री आले. फ्यूज साफ केले.’ ते सुवाच्य अक्षर वाचताना माझे कान गरम झाले.

“सापडतंय का काही?” त्यांनी विचारलं.

“बघतोय.”

“आमच्याकडचे डॉक्टरही असंच म्हणायचे,” त्या म्हणाल्या. “नातेवाइकांकडे न बघता.”

मी हसलो. मग चहा झाला, बायकोच्या माहेरच्या गोष्टी झाल्या, त्यांच्या यजमानांनी एका दवाखान्याच्या पाटीवर डॉक्टरचं नाव चुकवून वर त्यालाच कसं ऐकवलं तेही झालं. निघताना मी मनाशी ठरवलं, पुढच्या खेपेला रंग खरवडायचाच. तोवर काय, घराजवळच तर बंद पडतो. शिवाय त्यांच्या यजमानांच्या हातचा रंग खरवडायचा म्हणजे मलाही बरं वाटत नव्हतं, अशीही एक सबब मी शोधून ठेवली होती. चांगली सबब होती. मला स्वतःलाही पटली.

त्यानंतर नवव्या दिवशी फोन आला तो सिस्टरच्या मुलीचा.

“आई चार तास बागेत पडून होती,” ती म्हणाली. बाकी तिने जे सांगितलं ते धड माझ्या डोक्यात शिरलं नाही. पार पलीकडच्या कुंपणापाशी ट्रॅक्टर बंद पडला होता. फोन घरात, काठी घरात, कारण ट्रॅक्टर असताना काठी कशाला. सिस्टरनी वाट बघितली, चावी फिरवून बघितली, मग झाडांना धरत निघाल्या आणि सातव्या की आठव्या झाडाशी पडल्या. दुपारी क्रेट न्यायला टेम्पोवाला आला, तेव्हा त्याला त्या दिसल्या. हाड मोडलं नव्हतं. कोपर आणि गुडघे सोलवटले होते.

मी गेलो तेव्हा ट्रॅक्टर ओढून अंगणात आणला होता. सिस्टर खुर्चीवर बसलेल्या, कोपराला पट्टी. मुलगी माझ्या डोक्याशी उभी राहिली. मी बोल्ट काढला. कानशीने रंग खरवडायला लागलो. एक हात निघाला, दुसरा निघाला, तिसरा निघाला, खाली पांढरं लोखंड दिसलं. वायर आवळली, ग्रीस लावलं, चावी फिरवली. इंजिन पहिल्याच हाकेला उठलं. दिवे लख्ख.

मुलीने घड्याळ बघितलं. “एवढंच? एवढंच होतं, तर तीन वेळा येऊन काय केलंत तुम्ही?”

मला कुणी असं विचारलं तर मी त्याला उभा फाडतो. त्या दिवशी मी कानशीवरची रंगाची भुकटी झटकत राहिलो.

“अशा खोड्या पटकन सापडत नाहीत गं,” सिस्टर खुर्चीतून म्हणाल्या. “सापडल्यावर सोपं दिसतं. तू जरा आतून माझी गोळी आण बघू.”

मुलगी आत गेली. मी इंजिन बंद केलं. एकदम शांत झालं सगळं.

“सिस्टर, मला दुसऱ्या खेपेलाच कळलं होतं.”

“हो,” त्या म्हणाल्या. “तिसऱ्या खेपेला तुम्ही मीटर पिशवीतून बाहेरच काढलं नाहीत. शोधणारा माणूस मीटर काढतो.”

त्यांनी मला चार शिव्या घातल्या असत्या तर मला कळलं असतं कसं उभं राहायचं. रागाशी माझी जुनी ओळख आहे. त्या रागावल्याच नव्हत्या. नुसत्या दमलेल्या दिसत होत्या.

“मला वाटलं, आज करतील, उद्या करतील,” त्या म्हणाल्या. “मीही विचारायला हवं होतं. तुम्हाला अवघडल्यासारखं होईल म्हणून नाही विचारलं.” मग म्हणाल्या, “मिस्त्री, तुम्ही नुसते आलात तरी चाललं असतं की.”

“आता तो बंद पडणार नाही, सिस्टर. लिहून देतो. तुम्ही जाऊ नका. मी सांगतो तुमच्या मुलीला, सगळं सांगतो, माझी चूक आहे म्हणून.”

“तिला काही सांगू नका. ती तुम्हाला सोडायची नाही.” त्या किंचित हसल्या. “आणि मी शब्द दिलाय. पडल्यावर चार तास मलाही भीती वाटली, ते काही तुमच्या मीटरवर दिसायचं नाही.”

मुलगी गोळी घेऊन आली. मी पिशवी उचलली. चहाचं नाव त्या दिवशी कुणी काढलं नाही.

आठ दिवसांनी सिस्टर गेल्या. मी निरोप द्यायला गेलो नाही, कारण काही बिघडलेलं नव्हतं. बाग, घर आणि ट्रॅक्टर शेजारच्या रोपवाटिकेवाल्याने घेतलं. सिस्टरचा नंबर माझ्या फोनमध्ये आहे. कधी कधी रेडिओ बंद करून मी तो काढतो, बघतो, आणि काय बिघडलं म्हणून फोन केला हे सांगायला काही सुचत नाही, म्हणून परत ठेवून देतो.

परवा रोपवाटिकेवाला दुकानात आला होता, पंपाचा स्विच घेऊन. मी विचारलं, “तो छोटा ट्रॅक्टर कसा चाललाय?”

“एकदम झकास!” तो म्हणाला. “काय काम केलंय हो तुम्ही. एवढ्या महिन्यांत एकदाही बंद पडला नाही.”

मी खूश होईन असं त्याला वाटलं असावं.