नळीतला गाळ आणि दोन पुस्तकं

तळ्यात येणारं सांडपाणी केव्हाच बंद केलं, तरी पाण्यावरचा हिरवा तवंग काही हटेना. तळाचा गाळ उपसायचा की राहू द्यायचा, हे सांगायचं काम पाणीखात्यातल्या तपासनीस बाईंवर आलं. अहवाल शुक्रवारी द्यायचा. सल्ला चुकला, तर तळं आणखी नासायचं आणि मासे जिवाला मुकायचे.

बाई ग्रंथालयात आल्या. सोबत खात्याची होडी चालवणारे मामा, त्यांच्या हातात तळ्याच्या तळातून भरून आणलेली लांब पारदर्शक नळी. खाली गाळाच्या काळ्या-तपकिरी पट्ट्या, वर तळ्याचं पाणी.

"तान्हं बाळसुद्धा कुणी इतकं जपून धरत नाही हो!" ग्रंथपाल हसले.

"बाळ निदान रडून सांगतं. हे अवाक्षर काढत नाही," मामा म्हणाले.

संदर्भाच्या कपाटातलं एकच पुस्तक घरी नेता येई. बाईंसमोर दोन होती. एक जाडजूड, सरोवराच्या पाण्याचं: ऊन, शेवाळ, मासे, सगळं त्यात. दुसरं बारकं, नुसतं गाळाचं.

"जाड घे गं," मामा म्हणाले. "गाळ आपल्याकडे आहेच की!"

बाईंनाही पटलं. मामांनी नळी टेबलाशी टेकवून चष्मा पुसायला घेतला. तेवढ्यात ग्रंथपालांनी ती उचलली आणि वरची चिठ्ठी वाचायला चक्क आडवी केली.

"अहो, अहो, अहो!" मामा ओरडले.

पट्ट्या मोडल्या. नळीभर गढूळ झालं. ग्रंथपालांचा चेहरा एवढासा झाला. बाई मात्र रागवायचंच विसरल्या. नळी उभी करून तिघंही वाकून बघत राहिले. जाड कण भराभर बसले, बारीक काही बसेनात. मधूनच एक बुडबुडा वर आला. पाणी वरून साऱ्यांना दिसतं, तळाशी काय चाललंय ते देव जाणे. पण माणसाला विचारायची खोड लावली तीही त्यानंच, केवढी त्याची कृपा!

"बाई," ग्रंथपालांनी चाचरत विचारलं, "उपसायचं यंत्र तळ्यात उतरलं, तर असंच होईल का हो? म्हणजे तळाशी बसलेलं सगळं पुन्हा पाण्यात?"

बाईंनी लगेच जाड पुस्तक चाळलं. गाळावर जेमतेम दोन पानं. बारक्यात मात्र अख्खं प्रकरण होतं: गाळ ढवळला की त्यातून काय सुटतं, किती सुटतं, ते कसं तपासावं.

"हे माझ्या नावावर लिहून घ्या," त्यांनी बारकं पुढे केलं. "आणि मामा, उद्या परत होडी काढायची. नवा गाळ हवा."

"उद्या मला सुट्टी आहे," ग्रंथपाल म्हणाले. "दोरी धरायला येऊ?"

"या की," मामा म्हणाले. "दोरीच धरायची पण!"